मागेल त्याला चित्रपट : प्रसारणाच्या काटकसरी पद्धती

प्रास्ताविक

इंग्रजीतील 'ब्रॉडकास्ट' हा शब्द रेडिओच्या जन्माआधी शेतीत वापरला जात असे. मुठीत बी घेऊन ते हाताच्या फेकीने रानभर विखुरणे, हा त्याचा जुना अर्थ. मराठीत या क्रियेला 'फोकून पेरणे' म्हणतात. याच्या अगदी उलट क्रिया म्हणजे 'टोकणे'. ठरावीक अंतरावर एकेक बी मातीत दाबत पुढे सरकायचे. फोकताना हात एकदा फिरतो आणि शेकडो जागी बी पडते. टोकताना प्रत्येक बियासाठी वाकावे लागते.

माध्यमांचा अभ्यास करताना हा भेद मनात धरावा. आकाशवाणीचे किंवा दूरदर्शनचे पारंपरिक प्रसारण ही फोकणी आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर शंभर घरांत उतरो वा लाख घरांत, मनोऱ्याचा खर्च तेवढाच राहतो. मोबाइलवर आपण मनात येईल तेव्हा एखादा चित्रपट सुरू करतो, तेव्हा मात्र टोकणी चाललेली असते. आपल्यासाठी एक स्वतंत्र प्रवाह कुठल्यातरी संगणकावरून निघतो आणि केवळ आपल्याकडेच येतो. शेजारच्या घरात तोच चित्रपट पाच मिनिटे मागेपुढे चालू असला, तरी त्या घरासाठी दुसरा प्रवाह लागतो.

फोकणीच्या खर्चात टोकणीचे सुख देता येईल का, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात अतिशय गांभीर्याने हाताळला. त्याची उत्तरे गणितीदृष्ट्या सुंदर आहेत. ती समजण्यास शालेय अंकगणित पुरेसे होते. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्यांनी या घटकास बिचकण्याचे कारण नाही.

प्रश्नाचे स्वरूप

डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो शहरात टाइम वॉर्नर कंपनीने 'फुल सर्व्हिस नेटवर्क' नावाची सेवा सुरू केली. घरबसल्या रिमोटवरून चित्रपट निवडावा, तो तत्काळ सुरू व्हावा, मध्येच थांबवता यावा, मागे नेता यावा, असे सारे तीत होते. प्रेक्षकांना ती आवडलीही. परंतु प्रत्येक घरासाठी स्वतंत्र प्रवाह, त्यासाठी लागणारी महागडी सर्व्हर यंत्रे आणि हजारो डॉलर किमतीची घरपेटी हा हिशेब काही जुळला नाही. सुमारे चार हजार घरांपर्यंत पोहोचून १९९७ साली सेवा बंद करण्याचा निर्णय झाला.

खर्च कुठे होतो ते पाहू. दोन तासांच्या म्हणजे १२० मिनिटांच्या चित्रपटासाठी सेकंदाला ४ मेगाबिट इतका प्रवाह लागतो असे धरू. एका वेळी एक हजार प्रेक्षक असतील तर सर्व्हरमधून सेकंदाला ४,००० मेगाबिट बाहेर पडले पाहिजेत. शिवाय हे हजार जण एकाच चित्रपटाच्या हजार वेगवेगळ्या जागी आहेत. तबकडीवरील एकच मजकूर हजार ठिकाणांहून एकाच वेळी वाचत राहणे हे त्या काळच्या यंत्रांना जड होते. प्रेक्षक दुप्पट झाले की खर्चही दुप्पट होतो. दूरचित्रवाणीच्या मनोऱ्याला ही चिंता नसते.

यातून सुटण्याचा मार्ग प्रेक्षकांच्या आवडीनिवडीतच दडलेला आहे. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसणाऱ्याला ठाऊक असते की मूठभर पुस्तकांना सतत मागणी असते आणि उरलेली कपाटात धूळ खातात. चित्रपटांचेही तसेच आहे. ज्यांना खरोखर गर्दी आहे असे दहा-वीस चित्रपट वेगळे काढून ते फोकणीने पाठवले, तर भार बराच हलका होतो. टोकणी उरलेल्यांसाठी राखून ठेवता येते.

वेळापत्रक आणि वडाप

सर्वांत साधी युक्ती म्हणजे एकच चित्रपट अनेक वाहिन्यांवर ठरावीक अंतराने सुरू करणे. चार वाहिन्या असतील तर दर ३० मिनिटांनी एकेका वाहिनीवर चित्रपट आरंभापासून लागतो. कोणीही केव्हाही आला तरी त्याला जास्तीत जास्त अर्धा तास थांबावे लागते. यास टप्प्याटप्प्याचे प्रसारण म्हणू. १९९४ मध्ये सुरू झालेल्या डायरेक-टीव्ही या अमेरिकी उपग्रहसेवेने आपल्या अनेक वाहिन्या पैसे भरून पाहावयाच्या चित्रपटांसाठी याच रीतीने वापरल्या.

मुक्त शिक्षणाच्या क्षेत्रात याचे जवळचे उदाहरण आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयंप्रभा' या उपक्रमात २०१७ साली ३२ शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून सुरू झाल्या. प्रत्येक वाहिनीवर रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम द्यायचा आणि तोच त्या दिवसात आणखी पाच वेळा दाखवायचा, अशी तिची रचना ठरली. चार तासांचे सहा फेरे म्हणजे पूर्ण दिवस. दिवसा नोकरी करणाऱ्याने तेच व्याख्यान रात्री ऐकावे, हा हेतू. इंटरनेट नसलेल्या घरातील विद्यार्थ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. तरीही चुकलेले व्याख्यान पुन्हा गाठण्यासाठी चार तास थांबावे लागते.

टप्प्याटप्प्याचे प्रसारण एस.टी.च्या वेळापत्रकासारखे आहे. प्रवासी असोत वा नसोत, गाडी सुटते. दुसरी रीत वडापाची. गिऱ्हाईक जमेपर्यंत थांबायचे आणि मग सर्वांना एकाच गाडीतून न्यायचे. आयबीएममधील असित दान, दिनकर सीताराम आणि परवेझ शहाबुद्दीन यांनी १९९४ साली या पद्धतीचा अभ्यास मांडला. एकाच चित्रपटाच्या मागण्या काही काळ गोळा करून त्यांना एकच प्रवाह द्यायचा, अशी ती कल्पना. यात न्यायाचा प्रश्न लगेच उभा राहतो. एखादा प्रवाह मोकळा झाला की तो आधी आलेल्याला द्यावा, की ज्या चित्रपटासमोर लांब रांग आहे त्याला? पहिल्या नियमात कमी चालणाऱ्या चित्रपटाच्या एकट्यादुकट्या रसिकाला न्याय मिळतो. दुसऱ्यात अधिक लोक लवकर समाधानी होतात, पण तो एकटा रसिक ताटकळत राहतो आणि बहुधा निघून जातो.

या दोन्ही रीतींत एक दोष समान आहे. टप्प्याटप्प्याच्या प्रसारणात प्रतीक्षा निम्मी करायची तर वाहिन्या दुप्पट कराव्या लागतात. अर्ध्या तासाऐवजी एक मिनिट हवे असेल तर एका चित्रपटासाठी १२० वाहिन्या! हे परवडणारे नव्हे.

शेवट आत्ताच कशाला हवा?

पुढची उडी एका अगदी साध्या निरीक्षणातून आली. चित्रपट पाहायला बसलेल्या माणसाला त्याचा आरंभ ताबडतोब हवा असतो, परंतु शेवट दोन तासांनी हवा असतो. मग शेवटची दृश्ये आरंभाइतक्या वेळा कशासाठी पाठवायची? आरंभ वारंवार पाठवावा आणि शेवट क्वचित पाठवला तरी चालेल. अट एवढीच की प्रेक्षकाच्या घरपेटीत थोडी साठवण असावी आणि तिला एकाच वेळी दोन-तीन वाहिन्यांवरून माल उतरवून घेता यावा.

ही कल्पना पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील एस. विश्वनाथन आणि टोमाश इमिएलिन्स्की यांना जाते. १९९५ साली त्यांनी 'पिरॅमिड प्रसारण' सुचवले. चित्रपटाचे खंड पाडायचे, पहिला अगदी लहान, पुढचा त्याहून काही पट मोठा, असे वाढवत न्यायचे, आणि प्रत्येक खंड आपापल्या वाहिनीवर फिरत ठेवायचा. पद्धत चालते, पण तीत वाहिन्यांचा वेग चित्रपटाच्या वेगाच्या कितीतरी पट ठेवावा लागतो आणि घरपेटीत चित्रपटाचा बहुतांश भाग साठवावा लागतो. त्या काळी घरगुती संगणकातील तबकडीची क्षमता सुमारे एक गिगाबाइट असे; आपला १२० मिनिटांचा चित्रपट ३.६ गिगाबाइटचा आहे. अडचण लक्षात येईल.

तैवानच्या नॅशनल सेंट्रल विद्यापीठातील ली-शेन जुन आणि ली-मिंग त्सेंग यांनी थोड्याच काळात सुचवलेली 'जलद प्रसारण' पद्धत समजण्यास सर्वांत सोपी आहे. तीन वाहिन्या घेऊ आणि चित्रपटाचे सात समान खंड करू. पहिल्या वाहिनीवर १, १, १, १ असा पहिला खंडच पुन्हा पुन्हा चालतो. दुसरीवर २, ३, २, ३. तिसरीवर ४, ५, ६, ७, ४, ५, ६, ७. प्रेक्षक आला की पहिल्या खंडाच्या पुढच्या आरंभापर्यंत थांबतो आणि मग तिन्ही वाहिन्यांवरून घेऊ लागतो. पहिला खंड पडद्यावर चालू असताना दुसरीवर २ आला तर तो साठतो. ३ आला तर तो साठतो आणि २ बरोबर हवा तेव्हा थेट येतो. चौथ्या खंडाची गरज चौथ्या पाळीत आहे, आणि तिसऱ्या वाहिनीवर तो दर चार पाळ्यांत एकदा येतोच.

यामागील नियम एका वाक्यात सांगता येतो : कोणत्याही क्रमांकाचा खंड तितक्याच लागोपाठच्या पाळ्यांत निदान एकदा आला पाहिजे. पाचवा खंड कोणत्याही पाच पाळ्यांत एकदा, विसावा वीस पाळ्यांत एकदा. एवढे पाळले की चित्र कधीही अडत नाही. तीन वाहिन्यांच्या टप्प्याटप्प्याच्या प्रसारणात ४० मिनिटे थांबावे लागले असते. येथे १२० चा सातवा भाग, म्हणजे सुमारे १७ मिनिटे. आणखी एक वाहिनी वाढवली की खंड १५ होतात आणि प्रतीक्षा ८ मिनिटे उरते. पाचव्या वाहिनीने खंड ३१ आणि प्रतीक्षा चार मिनिटांच्या आत. प्रत्येक नव्या वाहिनीमागे प्रतीक्षा साधारण निम्मी होत जाते. जुन्या पद्धतीत यासाठी सगळ्या वाहिन्या दुप्पट कराव्या लागत होत्या. खरा फरक येथे पडला.

नियम नीट पाहिला तर जलद प्रसारणात थोडी उधळपट्टी दिसते. सातव्या खंडाला सात पाळ्यांत एकदा येणे पुरे, तरी तो दर चार पाळ्यांनी येतो. ही गळती बुजवण्यासाठी १९९९ साली जाँ-फ्रान्स्वा पारिस, स्टीव्हन कार्टर आणि डॅरेल लाँग यांनी 'पॅगोडा प्रसारण' मांडले. त्यात तीनच वाहिन्यांत नऊ खंड बसतात. दुसऱ्या वाहिनीवर २, ४, २, ५ हा क्रम फिरतो आणि तिसऱ्या वाहिनीवर ३, ६, ८, ३, ७, ९. कागदावर हे दोन्ही क्रम लिहून, कोणत्याही पाळीपासून सुरुवात करून, प्रत्येक खंड वेळेवर मिळतो का हे आपण स्वतः तपासावे. प्रतीक्षा १३ मिनिटे २० सेकंदांवर येते. पाच वाहिन्यांत या पद्धतीने ४९ खंड बसतात आणि प्रतीक्षा अडीच मिनिटांपेक्षाही कमी होते.

दरम्यान १९९७ मध्ये किएन हुआ आणि सायमन शू यांनी 'गगनचुंबी प्रसारण' मांडले. ते युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचे, म्हणजे त्याच ऑरलँडो शहरातले, जेथे त्या वर्षी टाइम वॉर्नरची सेवा गुंडाळली जात होती. त्यांच्या खंडांची लांबी १, २, २, ५, ५, १२, १२ अशी वाढते आणि एका मर्यादेनंतर वाढणे थांबते. चार वाहिन्यांत प्रतीक्षा १२ मिनिटे येते, म्हणजे जलद प्रसारणापेक्षा जास्तच. मात्र घरपेटीला एका वेळी दोनच वाहिन्या ऐकाव्या लागतात, जलद प्रसारणात त्या सगळ्याच ऐकाव्या लागतात. घराघरांत बसवायची पेटी स्वस्त असली पाहिजे, हा विचार ऑरलँडोत सुचावा हे समजण्यासारखे आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात केवळ सर्वांत कमी आकडा शोधणाऱ्या पद्धतीपेक्षा अशा समजूतदार पद्धतींकडे मी अधिक आदराने पाहतो.

अर्ध्या खंडाची गफलत

जुन आणि त्सेंग यांचीच १९९७ सालची आणखी एक पद्धत 'हरात्मक प्रसारण' या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण छापून आलेली, दिसायला निर्दोष अशी कल्पना तपासाच्या प्रकाशात कशी दुरुस्त होते याचे ते उत्तम उदाहरण आहे.

चित्रपटाचे चार-चार मिनिटांचे ३० खंड करा. पहिला खंड पूर्ण गतीने फिरत ठेवा. दुसरा खंड मिळवायला प्रेक्षकाजवळ दोन पाळ्या आहेत, म्हणून तो निम्म्या गतीने पाठवा. तिसरा एक-तृतीयांश गतीने, चौथा पाव गतीने, आणि तिसावा एक-तीसांश गतीने. एकूण वहनक्षमता किती लागली? १ + १/२ + १/३ + … + १/३० ही बेरीज ३.९९५ येते. म्हणजे चार वाहिन्यांपेक्षाही किंचित कमी जागेत प्रतीक्षा ४ मिनिटांची. आरंभ पाहणाऱ्या आणि शेवट पाहणाऱ्या अशा सर्व प्रेक्षकांना, ते दहा असोत की दहा लाख, एवढ्यातच भागवायचे. घरपेटीत चित्रपटाचा सुमारे ३७ टक्के भाग साठवण्याइतकी जागा असली की पुरे.

आता पुढचे सावकाश वाचा. दुसरा खंड निम्म्या गतीने येतो, म्हणून तो पूर्ण यायला आठ मिनिटे लागतात : पहिली चार मिनिटे पूर्वार्ध, नंतरची चार मिनिटे उत्तरार्ध. समजा, प्रेक्षक बसला तेव्हा त्या वाहिनीवर उत्तरार्ध चालू होता. पहिला खंड पाहून होईपर्यंत त्याच्या पेटीत दुसऱ्या खंडाचा उत्तरार्ध जमा झाला. त्याला आता हवा आहे पूर्वार्ध, आणि तो आत्ता कुठे सुरू होतो आहे, तोही निम्म्या गतीने. पडद्याला दोन मिनिटांत जे हवे ते यायला चार मिनिटे लागतील. चित्र अडखळणार! एकूण माल वेळेत पोहोचतो हे खरे, पण हव्या त्या क्रमाने पोहोचतोच असे नाही.

ही गफलत पारिस, कार्टर आणि लाँग यांनी १९९८ साली दाखवून दिली आणि उपायही दिले. एक उपाय सरळ आहे : आणखी एक पाळी थांबून मगच चित्रपट सुरू करावा. त्यात प्रतीक्षा वाढते. दुसऱ्या उपायाला त्यांनी 'सावध हरात्मक प्रसारण' असे समर्पक नाव दिले. दुसरा आणि तिसरा हे दोन खंड एकाच वाहिनीवर पूर्ण गतीने आळीपाळीने पाठवायचे आणि पुढच्या खंडांची गती किंचित वाढवायची. यासाठी सुमारे अर्धी वाहिनी जास्त लागते. मूळ कल्पना त्यामुळे बाद झाली नाही. अर्ध्या वाहिनीच्या मोबदल्यात ती भरवशाची झाली.

यापेक्षा कमी जागेत भागवता येईल का, या प्रश्नाला गणिताने ठाम उत्तर दिले आहे. चित्रपटातील कोणताही क्षण आरंभापासून जितका दूर, तितका अवधी अधिक सुरुवातीची प्रतीक्षा एवढ्या काळात तो एकदा तरी प्रसारित झालाच पाहिजे. ही अट सगळ्या क्षणांसाठी एकत्र केली की लागणाऱ्या वाहिन्यांची किमान संख्या नैसर्गिक लॉगॅरिथमच्या रूपात मिळते. आकडे असे : ४ मिनिटांच्या प्रतीक्षेसाठी ३.४३ वाहिन्या, २ मिनिटांसाठी ४.११, एका मिनिटासाठी ४.८०, आणि अवघ्या ६ सेकंदांसाठी ७.०९. प्रतीक्षा निम्मी करण्याची किंमत दर वेळी सुमारे ०.७ वाहिनी एवढीच आहे. आणि या सूत्रात प्रेक्षकसंख्या कुठेच येत नाही.

ठिगळाची युक्ती

सतत प्रसारण करायचे तर चित्रपटाला सतत गर्दी हवी. कोणी पाहत नसताना सात वाहिन्या फिरवत ठेवणे हा शुद्ध अपव्यय. मध्यम लोकप्रिय चित्रपटांसाठी हुआ, यिंग काय आणि शू यांनी १९९८ साली 'पॅचिंग' म्हणजे ठिगळ लावण्याची युक्ती सांगितली. पहिला प्रेक्षक आला की त्याच्यासाठी पूर्ण प्रवाह सुरू होतो. पाच मिनिटांनी दुसरा आला. तो लगेच त्या चालू प्रवाहाला जोडला जातो आणि पुढचा भाग साठवू लागतो; हुकलेली पाच मिनिटे मात्र त्याला एका छोट्या स्वतंत्र प्रवाहातून मिळतात. पाच मिनिटे संपली की ठिगळ बंद, आणि तो साठवलेल्या भागावर पुढे सरकतो. त्याला क्षणभरही थांबावे लागत नाही. फार उशिरा आलेल्यासाठी ठिगळच मूळ कापडाएवढे होते, म्हणून एका ठरावीक मर्यादेनंतर नवा पूर्ण प्रवाह सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

बचत किती? दर दहा मिनिटांनी सरासरी एक प्रेक्षक येत असेल तर स्वतंत्र प्रवाहांच्या पद्धतीत सरासरी १२ प्रवाह चालू राहतात. मर्यादा ४० मिनिटांची ठेवली तर ठिगळांसह सरासरी ४ पुरतात. दर मिनिटाला दहा प्रेक्षक येत असतील तर १,२०० च्या जागी ४८. पण याच गर्दीत सहा सेकंद थांबायची तयारी असेल, तर वर पाहिल्याप्रमाणे सात-आठ वाहिन्यांत काम भागते. म्हणून गर्दीच्या चित्रपटांना प्रसारण, मधल्यांना ठिगळ आणि दुर्मीळांना स्वतंत्र प्रवाह, अशी वाटणी शहाणपणाची.

मग हे सारे गेले कुठे?

आज आपण ज्या सेवांवर चित्रपट पाहतो, त्या बहुतेक या युक्त्या वापरत नाहीत. एवढे चांगले गणित बाजूला का पडले, हे जाणून घेतल्याशिवाय घटक पूर्ण होणार नाही.

पहिले कारण रस्त्याचे. केबल किंवा उपग्रहावर फोकणी आपोआप होते; इंटरनेटवर होत नाही. तेथे एका प्रवाहाच्या अनेक प्रती वाटेतल्या फाट्यांवर काढण्यासाठी 'मल्टिकास्ट' ही व्यवस्था लागते. स्टीव्ह डीअरिंग यांनी ती १९८० नंतरच्या दशकात मांडली, १९८९ मध्ये तिचा मानक दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि १९९२ पासून 'एमबोन' या जाळ्यावर तिचे प्रयोगही झाले. परंतु एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात मल्टिकास्ट जाऊ देण्यात व्यवस्थापनाच्या, सुरक्षिततेच्या आणि मुख्य म्हणजे हिशेबाच्या अडचणी होत्या. वाटेत निघालेल्या प्रतींचे पैसे कोणी कोणाला द्यायचे? सार्वजनिक इंटरनेटवर ती व्यवस्था सर्वदूर कधी पसरलीच नाही. एकाच कंपनीच्या ताब्यातील जाळ्यात, उदाहरणार्थ ब्रॉडबँडवरून दूरचित्रवाणी देणाऱ्या सेवांत, ती चांगली रुजली.

दुसरे कारण प्रेक्षकांचे. एकाकडे मोठा पडदा, दुसऱ्याकडे छोटा मोबाइल. एकाचे जाळे वेगवान, दुसऱ्याचे मिनिटामिनिटाला बदलणारे. आजच्या सेवा चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे वेगवेगळ्या गुणवत्तेत तयार ठेवतात आणि प्रत्येकाला झेपेल तो तुकडा देतात. सर्वांना एकच बियाणे फोकण्याच्या पद्धतीत ही लवचीकता आणणे कठीण. शिवाय मधेच थांबवून चहा करायला जाणे आणि दहा मिनिटे मागे नेणे ही आता ऐष राहिलेली नाही, सवय झाली आहे.

तिसरे कारण साठवणीचे. तबकड्या कल्पनेपलीकडे स्वस्त झाल्या. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये 'ओपन कनेक्ट' हा उपक्रम जाहीर केला. चित्रपटांनी भरलेल्या पेट्या थेट इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या केंद्रांत नेऊन ठेवायच्या आणि गर्दी नसलेल्या वेळी त्यांत नवा माल भरायचा. टोकणी चालूच राहिली, पण बियाण्याचे कोठार शेताच्या बांधावर आले.

कोठाराची युक्ती आधी तयार असलेल्या मजकुराला लागू पडते. थेट सामन्याचे काय? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते, असे त्या सेवेने जाहीर केले. प्रत्येकी सेकंदाला फक्त ३ मेगाबिट धरले तरी हा भार १७.७ कोटी मेगाबिट होतो. एकच चेंडू, एकच फटका, आणि त्याच्या जवळजवळ सहा कोटी स्वतंत्र प्रती! त्याच वेळी तोच सामना उपग्रहावरून कोट्यवधी घरांत जात होता; तेथे आणखी एक घर जोडले गेले म्हणून प्रसारणाचा भार वाढत नव्हता.

म्हणूनच जुना प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. मोबाइल जाळ्यावर भार न टाकता मनोऱ्यावरून थेट हातातील संचात दृक्‌सामग्री उतरवण्याच्या 'डायरेक्ट टू मोबाइल' तंत्राच्या चाचण्या भारतात झाल्या आहेत. प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर या संस्थांचा त्यांत सहभाग आहे. अशा मनोऱ्यावरून सामना दाखवणे सोपे आहे, कारण तो सर्वांना एकाच वेळी हवा असतो. व्याख्यान किंवा चित्रपट ज्याला जेव्हा हवा तेव्हा द्यायचा झाला, की खंड पाडणे, आरंभ वारंवार आणि शेवट क्वचित पाठवणे, हातातील संचात साठवणे हे सगळे पुन्हा लागेल. आजच्या साध्या मोबाइलमधील साठवणही त्या काळच्या घरपेटीच्या कितीतरी पट आहे, ही जमेची बाजू.

स्वाध्याय

४५ मिनिटांचे एक व्याख्यान तीन वाहिन्यांवरून द्यायचे आहे. टप्प्याटप्प्याचे, जलद आणि पॅगोडा या तिन्ही पद्धतींनी विद्यार्थ्याला जास्तीत जास्त किती वेळ थांबावे लागेल ते काढा. नंतर जलद प्रसारणाच्या तिसऱ्या वाहिनीवरील क्रम ४, ५, ६, ७ ऐवजी ४, ५, ६, ७, ८ असा केला तर कोणत्या खंडाशी चित्र अडेल आणि का, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. उत्तर लिहिताना 'पाळी' आणि 'खंड' या संज्ञा या घटकात ज्या अर्थाने आल्या आहेत त्याच अर्थाने वापराव्यात.